झोप झाली का, हे कुणी विचारत नाही

वस्तीत सकाळी कुणी भेटलं की आपण विचारतो, पाणी आलं का? दुपारी विचारतो, जेवलात का? झोप झाली का, असं मात्र कुणी कुणाला विचारत नाही. आजारी माणसाला भेटायला गेलो तरी विचारत नाही. आम्हीही विचारत नव्हतो, आणि आम्ही तर नर्स होतो.

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही टेबल मांडून बीपी आणि साखर तपासतो. तिथे एक काका यायचे. वय बावन्न, टेम्पो चालवतात. बीपीच्या दोन गोळ्या चालू होत्या, एकही चुकवत नव्हते, रिकामी पाकिटं आणून दाखवायचे. तरी बीपी १७०/१०० च्या खाली येईना. आम्ही मीठ कमी करायला सांगितलं, पापड-लोणचं बंद केलं, सुकट बंद केली. फरक शून्य. आमच्यासमोर खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. एकदा पहाटे टेम्पो डिव्हायडरवर चढला. मालकानं दुरुस्तीचे पैसे पगारातून कापले आणि वर सगळीकडे सांगितलं की हा पिऊन गाडी चालवतो. काकांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. ही गोष्ट सांगताना ते आमच्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

एका रविवारी काकू सोबत आल्या. डोळे लाल, चेहरा सुजलेला. आम्ही सहज म्हटलं, काकू, तुमची झोप होत नाही का?

"कशी होणार सिस्टर? रात्रभर ह्यांना हलवावं लागतं."

"कशाला?"

"घोरता घोरता श्वास थांबतो ह्यांचा. मी मनात आकडे मोजते. वीस-पंचवीस झाले की कोपर मारते. मग मोठा आचका देतात आणि परत चालू."

किती वर्षांपासून, तर धाकटी पोटात होती तेव्हापासून. धाकटी आता नववीला आहे. डॉक्टरांना कधी सांगितलंत का, तर म्हणाल्या, "घोरण्याचं काय सांगायचं डॉक्टरांना?"

आठ महिने आम्ही त्या माणसाचं बीपी मोजत होतो. झोपेबद्दल एक प्रश्न विचारायला आठ महिने लागले.

वॉर्डातल्या रात्री

जीएनएमला असताना आम्हाला व्हर्जिनिया हेंडरसन यांच्या चौदा मूलभूत गरजा पाठ करायला लावल्या होत्या. श्वास, अन्नपाणी, मलमूत्र, हालचाल, आणि पाचवी गरज झोप व विश्रांती. पेपरात आम्ही ती लिहिली, मार्क मिळवले. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ च्या नर्सिंगवरच्या पुस्तकात तर गोंगाटावर वेगळं प्रकरण आहे. रुग्णाला पहिल्या झोपेतून उठवू नका, एकदा मोडली की ती परत लागणं कठीण, असं त्यांनी बजावून ठेवलं आहे. आम्ही त्यांच्या नावाची शपथ घेतली, हातात दिवा धरला आणि वॉर्डात जाऊन नेमकं उलटं केलं.

एका आजीची गोष्ट सांगतो. पोटाचं ऑपरेशन झालेलं, सत्तरी ओलांडलेली, गावाकडून आलेली. तिसऱ्या रात्री ती बडबडू लागली. म्हैस सुटली आहे, दावं आणा, असं ओरडू लागली. सलाईनची सुई उपटली, चादरभर रक्त. वॉर्डात साठ पेशंट आणि आम्ही दोघी. आम्ही गॉज बँडेजनं तिचे दोन्ही हात कॉटला बांधले, डॉक्टरांना बोलावून शांत करण्याचं इंजेक्शन दिलं आणि रिपोर्टमध्ये लिहिलं: पेशंट त्रास देत होती. सकाळी शुद्धीत आल्यावर तिनं विचारलं, "बाई, मला का बांधलं?" आम्ही उत्तर दिलं नाही, पुढच्या कॉटकडे गेलो.

खूप नंतर समजलं की याला डिलिरियम म्हणतात. वय, ऑपरेशन, जंतुसंसर्ग, काही औषधं, अनोळखी जागा आणि मोडलेली झोप या सगळ्यांनी मिळून मेंदू गोंधळतो. एकट्या झोपेचा दोष नसतो, पण तिचा वाटा असतो. पुढे एका रात्री आम्ही मुद्दाम मोजलं. दहाला इंजेक्शन, बाराला सलाईन बदलणं, दोनला बीपी, चारला पुन्हा इंजेक्शन, साडेचारला स्पंजिंग, कारण आठच्या राउंडआधी वॉर्ड चकचकीत हवा. मधे शेजारचा पेशंट ओरडला, ट्यूबलाइट लागल्या, ट्रॉली खडखडली. एका माणसाला एका रात्रीत नऊ वेळा जाग आली. शत्रूलाही कुणी असं वागवत नाही.

मग जमेल तेवढं बदललं. दोन-तीन कामं एकाच वेळी उरकायची. डॉक्टरांनी तासातासाला तपासायला सांगितलेला गंभीर पेशंट सोडून बाकीच्यांना विनाकारण हलवायचं नाही. स्पंजिंग उजाडल्यावर. अकराला मोठे दिवे बंद, काम टॉर्चवर. ट्रॉलीच्या चाकांना तेल तर आम्हीच घरून नेऊन घातलं, त्यासाठी कुणाच्या सहीची गरज नव्हती. तुमचं माणूस ॲडमिट असेल तेव्हा तुम्हीही सिस्टरला नम्रपणे विचारू शकता, इंजेक्शन आणि बीपी एकदम होईल का? म्हाताऱ्या माणसाचा चष्मा, कानाचं मशीन जवळ ठेवा. दिवसा त्याला उजेडात बसवा, आज वार कोणता हे सांगत राहा, रात्री ओळखीचा एक चेहरा शेजारी असू द्या. आणि तो अचानक असंबद्ध बोलू लागला तर म्हातारचळ म्हणून सोडू नका, लगेच सांगा.

आमच्या स्वतःच्या झोपेचं काय, तर सलग सहा नाइट. पहाटे चारला एका कॉटचं इंजेक्शन दुसऱ्या कॉटवर द्यायला आम्ही सिरिंज भरून उभे होतो. त्या पेशंटनेच विचारलं, सिस्टर, मला तर रात्रीचं इंजेक्शन नसतं ना? त्याच्या त्या प्रश्नामुळे आज आम्ही हा लेख लिहितो आहोत, नाहीतर दुसऱ्याच कारणासाठी आमचं नाव छापून आलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगाला कारणीभूत' या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. रात्रपाळी करणारी आपली माणसं थोडी नाहीत: वॉचमन, सफाई कामगार, हॉटेलातली पोरं, वॉर्डबॉय, आया.

झोपेत काय चालतं

झोपलेलं शरीर रिकामं बसत नाही. आधी हलकी झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप, असा एक फेरा साधारण ९० मिनिटांचा. रात्रीत असे चार ते सहा फेरे होतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त. तेव्हा मुलांच्या वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त सुटतं, शरीराची डागडुजी होते. पहाटेकडच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त, आणि दिवसभर शिकलेलं डोक्यात मुरण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. म्हणजे जी बाई रोज पहाटे साडेतीनला नळावर उभी राहते, तिचे शेवटचे फेरे रोजच कापले जातात. मोठ्या माणसाला ७ ते ९ तास लागतात, दहावी-बारावीच्या मुलांना ८ ते १०, शाळकरी मुलांना ९ ते ११, तान्ह्या बाळाला १४ ते १७. म्हाताऱ्यांना झोप लागतच नाही ही समजूत चुकीची. त्यांनाही ७-८ तास हवेत, फक्त ती हलकी आणि तुकड्यातुकड्यांची होते.

झोप दोन गोष्टींनी येते. जितका वेळ जागे तितकी झोपेची ओढ साचते. आणि दुसरं, मेंदूत एक घड्याळ आहे, ते अंधार पडला की मेलाटोनिन सोडायला लावतं आणि उजेड दिसला की थांबवतं. या घड्याळाची जनुकं शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. चहातलं कॅफिन पहिल्या गोष्टीवर घाव घालतं आणि पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं. डोळ्यांसमोरचा मोबाइल दुसऱ्यावर. आणि झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली ते उतरणार कसं?

घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

आता काकांकडे परत येऊ. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात. काहींचा घसा इतका दबतो की हवेचा रस्ताच बंद होतो. छाती ओढते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, आचका बसतो आणि श्वास सुरू होतो. माणसाला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. १० सेकंद किंवा जास्त थांबलेला श्वास मोजतात. तासाला पाचपेक्षा जास्त वेळा होत असेल तर आजार, तीसच्या वर गेलं तर गंभीर. काकांचं चाळीसच्या पुढे होतं. रात्रभर असा झगडा चालला की बीपी चढतं, हृदयावर ताण येतो, पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि दिवसा माणूस स्टिअरिंगवर झोपतो.

घरच्या माणसानेच ओळखावा असा हा आजार आहे. भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं घोरणं, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलेला, सकाळी जड डोकं, दिवसा पेंग, बीपी, वय पन्नाशीपुढे, वजन जास्त, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या म्हणजे पावणेसोळा इंचांच्या वर, आणि पुरुष. यातल्या तीन-चार गोष्टी जुळल्या तर मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या ओपीडीत जा आणि स्लीप स्टडी कुठे होते ते विचारा. एक रात्र झोपवतात, डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावतात. दुखत नाही. बायकांनाही हा आजार होतो, पाळी गेल्यावर जास्त. पण बाई घोरते हे सांगायची घराला लाज वाटते, म्हणून ते कळत नाही.

उपचार म्हणजे सीपॅप नावाचं मशीन. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी ही युक्ती शोधली. मशीन हजारांत जातं, आपल्या खिशाला जड आहे. काकांचं काम हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागातून झालं. तिथे रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन दोन-तीन खेटे मारावे लागले, ट्रस्टकडून मदत मिळाली. हेही लक्षात ठेवा की महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आपण विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

मशीन मिळेपर्यंत, किंवा आजार सौम्य असेल तर, कुशीवर झोपणं खूप उपयोगी. काकूंनी बनियनच्या पाठीला खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला. उताणं झालं की टोचतो. वजन उतरवलं की घसा मोकळा होतो. दारूने उलट घसा आणखी ढिला पडतो. क्वार्टर मारली की झोप लागते म्हणणाऱ्याची झोप मध्यरात्रीनंतर तुटत राहते आणि घोरणं दुप्पट होतं. काकांचं बीपी आता पूर्वीसारखं हट्टीपणा करत नाही, गोळ्या मात्र चालूच आहेत. मशीनची पहिली रात्र कशी गेली विचारलं तर काकू म्हणाल्या, आवाज बंद झाला म्हणून मीच घाबरून उठले, छातीवर हात ठेवून बघितलं.

लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, अंथरूण ओलं करत असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी दाखवून घ्या. अशा मुलाला वर्गात ढ म्हणतात. ते झोपेला मुकलेलं असतं.

पायांत वळवळ, छातीवर ओझं

एक ताई, चार घरची धुणीभांडी करणारी. रात्री अंग टाकलं की पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखं व्हायचं. पाय हलवले की बरं, थांबले की परत. ओढणीने पाय करकचून बांधून झोपायची. सासूने ठरवलं, करणी आहे. तपासलं तर हिमोग्लोबिन सात. या त्रासाला रेस्टलेस लेग्ज म्हणतात आणि शरीरातलं लोह कमी असणं हे त्याचं एक मोठं कारण आहे. गरोदरपणात आणि किडनीच्या आजारातही होतो. देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या सरकारी पाहणीचं म्हणणं. तेव्हा किती जणींच्या पायांत करणी असेल ते तुम्हीच मोजा. ताईंना लोहाच्या गोळ्या लागल्या, चहा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचं ठरलं, तीन महिन्यांत ओढणी सुटली. पायांची आग, मुंग्या ही मात्र मधुमेहाचीही असू शकते, म्हणून साखर तपासायचीच.

दुसरा प्रकार तरुण पोरांत जास्त. पहाटे जाग येते, डोळे उघडतात, सगळं दिसतं, पण हात-पाय हलत नाहीत, ओरडता येत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. स्वप्नांच्या झोपेत मेंदू मुद्दाम सगळे स्नायू ढिले सोडतो, नाहीतर आपण स्वप्नातलं भांडण खरंच केलं असतं. श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे चालू राहतात. कधी मेंदू आधी जागा होतो आणि स्नायू मागे राहतात. काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं. जागरण झालं, पाळी बदलली, उताणं झोपलं की जास्त होतं. याने कुणी मरत नाही. अशा एका मुलाच्या दंडावर आम्ही गंडा पाहिला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि दंडाला मांत्रिकाचा दोरा! २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणाऱ्या किंवा डॉक्टरकडे जाऊ न देणाऱ्या बाबाविरुद्ध तो वापरता येतो.

मेडिकलवाल्याची अर्धी गोळी

आता जे सांगतो ते वाचून कुणी रागावेल, पण सांगणं भाग आहे. आपल्या प्रत्येक गल्लीत दोन-चार आज्या झोपेची अर्धी गोळी घेतात. कुणी लिहून दिली? मेडिकलवाल्याने. किती वर्षं? आठवत नाही. ही बहुतेक अल्प्राझोलम असते. २०१४ पासून असली औषधं अशा यादीत आहेत की दुकानदाराला डॉक्टरची चिठ्ठी बघून रजिस्टरला नोंद करावीच लागते. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली ती कामाची आहे. महिनोन्महिने घेतली की सवय लागते, डोस वाढतो, विसराळूपणा येतो. रात्री संडासला उठताना तोल जातो आणि म्हातारीचं खुब्याचं हाड मोडतं. असं एक हाड मोडलेलं आम्ही उचलून हॉस्पिटलात नेलं आहे. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. पण हे वाचून गोळी आजच बंद करू नका. वर्षानुवर्षांची गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरकडून हळूहळू उतरवून घ्या. आणि लेकराने रात्री झोपावं म्हणून खोकल्याचं किंवा सर्दीचं औषध पाजणाऱ्या आयांना हात जोडून सांगतो, ते करू नका. त्याने बाळाचा श्वास मंदावतो.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने झोप येत नसेल तर तो निद्रानाश. त्यावरचा पहिला उपचार गोळी नसून सवयी आणि विचार बदलण्याचा आहे. कितीही उशिरा झोपलात तरी उठायची वेळ एकच. दुपारची डुलकी वीस मिनिटं. चार वाजल्यानंतर चहा नाही. झोपताना मशेरी नाही, कारण तंबाखू मेंदूला जागं करतो. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. दहा बाय बाराच्या घरात सहा माणसं, दुसरी खोली कुठून आणायची? आम्ही सांगतो, अंथरुणातून उठून उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसा, दिवा लावू नका, मोबाइल हातात घेऊ नका, पेंग आली की परत आडवे व्हा. अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा हे बरं.

पण पहाटे तीन-चारला जाग येऊन मन काळवंडत असेल, रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो झोपेचा आजार नाही, नैराश्य असू शकतं. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पत्रा, नळ आणि डीजे

झोपेवरच्या सल्ल्यात खोली शांत, थंड, अंधारी हवी असं असतं. आपल्याकडे यातलं अर्धं तरी कसं जमवायचं? पत्र्यावर पांढरा चुना मारला की ऊन परततं, खालचा ताप उतरतो. दारापुढच्या दिव्याला जाड कापड. कॉइलच्या धुरापेक्षा मच्छरदाणी. नाइट करून आलेल्या माणसासाठी डोळ्यांवर काळी पट्टी, कानात बोळा, आणि घरच्यांनी चार तास तरी भांडी हळू वाजवणं. ड्यूटीला जाण्याआधी तासभर झोप घ्या, चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यातच.

बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, कारण रात्री सार्वजनिक संडासाला जाणं धोक्याचं. मग लघवीची जळजळ, त्यानेच रात्री जाग. पाणी दिवसा भरपूर प्या. लघवी वाढवणारी बीपीची गोळी संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि पहाटेच्या नळाला रोज एकाच बाईने का उठायचं? घरात दोन पुरुष असतील तर आठवड्याची पाळी लावा. आमच्या गल्लीत तीन घरांनी लावली. एका दादांनी आधी तोंड वाकडं केलं, आता नळावर त्यांचाच आवाज मोठा.

२०१२ मध्ये रामलीला मैदानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोपेचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये, जगण्याच्या हक्कात, येतो असं म्हटलं. लाऊडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, सरकारने ठरवून दिलेले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट. हॉस्पिटलभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. हे नियम गणपतीला जसे तसेच आपल्या जयंतीलाही. दुसऱ्यांचा भोंगा रात्री वाजला की आपण ११२ ला फोन करतो, आणि आपल्या मिरवणुकीच्या डीजेने शेजारची ओली बाळंतीण रात्रभर जागते तेव्हा आपण तिच्या दारापुढे नाचतो.

मुलांबद्दल एक. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करत, हे ऐकत आपण वाढलो. त्यांच्या स्मरणार्थ ठिकठिकाणी सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो, एक दिवसाचं ते अभिवादन सुंदर आहे. पण परीक्षेआधी महिनाभर रोज तीन वाजेपर्यंत जागणारा पोरगा वाचलेलं डोक्यात मुरूच देत नाही. बाबासाहेबांना मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने किती त्रास दिला हे डॉ. सविता आंबेडकर यांनी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' मध्ये लिहिलं आहे. त्या स्वतः डॉक्टर होत्या. ते पुस्तकही पोरांच्या हाती द्या.

सात दिवसांची वही

डॉक्टरकडे जाण्याआधी एका वहीत सात दिवस लिहा. आडवे किती वाजता झालात, अंदाजे झोप कधी लागली, कितीदा उठलात आणि कशासाठी (लघवी, डास, बाळ, नळ, खोकला), सकाळी कधी उठलात, दिवसा कुठे पेंग आली, चहा किती, तंबाखू-दारू किती, गोळ्या कोणत्या. शेजारी झोपणाऱ्यालाही विचारून लिहा: घोरतो का, श्वास थांबतो का, लाथा मारतो का. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. ओपीडीत डॉक्टरला दोन मिनिटं असतात, ही वही त्यातलं दीड मिनिट वाचवते. लिहिता येत नसेल तर घरातल्या सातवी-आठवीच्या मुलीला लिहायला बसवा, त्या चोख नोंद ठेवतात.

आडवं पडलं की दम लागून उठून बसावं लागत असेल, पायांवर सूज असेल, झोपेत छातीत कळ येत असेल, किंवा गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल, तर सात दिवस थांबू नका. वही तशीच कोरी ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.